धक्क्यापासून एक वासा दूर

समुद्र सगळ्यांचा असतो, किनारा सरकारचा असतो आणि गाळ कोणाचाच नसतो. राज्यकारभाराचं बरंचसं शास्त्र या तिसऱ्या गोष्टीवर उभं आहे. जी वस्तू कोणाचीच नाही ती काढून टाकण्याची जबाबदारी अर्थातच सगळ्यांची. आणि सगळ्यांची जबाबदारी पार पाडायची म्हणून सगळ्यांनी उठून हातात घमेली घेतली तर गावात गोंधळ माजेल. त्यापेक्षा प्रत्येकाने थोडे पैसे द्यावेत आणि घरी बसावं, हे सुधारलेल्या समाजाचं लक्षण आहे. या घरी बसण्याच्या पावतीला रोखा म्हणतात.

बंदर कचेरीतल्या ‘बंदर सुधारणा रोखे कक्षा’चे प्रमुख हा सिद्धांत इतक्या कळकळीने सांगत, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जाई. सगळं गाव त्यांना रोखेसाहेब म्हणे. रोखेसाहेब प्रामाणिक होते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका गुणामुळे घडलं. लबाड माणसाने रोखे विकून स्वतः मात्र जमीन घेतली असती आणि सुखात राहिला असता.

कक्ष पहिल्या मजल्यावर होता आणि त्याच्या खिडकीतून बंदराचं विहंगम दृश्य दिसे. म्हणजे ओहोटीला गाळ दिसे आणि भरतीला गाळावरचं पाणी दिसे. मुख्य जलमार्गाच्या मधोमध बगळे गुडघाभर पाण्यात उभे असत (गुडघा बगळ्याचा धरावा). शेवटचं जहाज येऊन इतकी वर्षं लोटली होती, की धक्क्यावरच्या क्रेनचा चालक निवृत्त होऊन त्याच्या जागी त्याचा मुलगा लागला होता आणि त्या मुलाने अजून एक पोतंही उचललेलं नव्हतं. त्याच्या हातून आजवर एकही अपघात झाला नाही म्हणून कचेरीने त्याला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं होतं.

अशा बंदरातला गाळ काढण्यासाठी सरकारने रोखे काढले. रोख्याचा कागद जाड, कडा सोनेरी, मधोमध जहाजाचं चित्र. व्याज दरसाल दरशेकडा नऊ, दर तिमाहीला, न मागता. मुद्दलाची अट मात्र बंदराच्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती: ‘ज्या दिवशी पहिलं मोठं जहाज धक्क्याला प्रत्यक्ष टेकेल त्या दिवशी, सर्व रोखेधारकांना, एकरकमी, सूर्यास्तापूर्वी.’ यातलं ‘सूर्यास्तापूर्वी’ त्यांनी मागाहून घातलं, कारण वाक्य जरा आखूड वाटत होतं. खजिन्याने ही अट पाहताच मंजुरी दिली. नुसतं ‘दहा वर्षांनी’ असं लिहिलं, की दहा वर्षं खरोखरच उलटतात, असा खजिन्याचा वाईट अनुभव होता.

पहिल्या मालिकेच्या पैशातून गाळ उपसणारं जहाज घ्यायचं ठरलं. त्यासाठी तीन निविदा आल्या. सगळ्यात लहान जहाज नाकारण्यात आलं, कारण त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढला तर मंत्री मोठे आणि बंदर लहान दिसलं असतं. मधलं जहाज मधलंच असल्यामुळे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणून सगळ्यात मोठं घेण्यात आलं. ते आलंही. त्याला तरंगायला चार मीटर पाणी लागत होतं आणि बंदरात दोन होतं, तेव्हा ते बाहेर खोल समुद्रात नांगर टाकून उभं राहिलं आणि कप्तानाने तसं कळवलं. यावर ताबडतोब समिती नेमण्यात आली. समितीने फार स्वच्छ शब्दांत सांगितलं, की गाळ काढणारं जहाज आत येण्यासाठी आधी गाळ काढला पाहिजे आणि गाळ काढण्यासाठी आधी ते जहाज आत आलं पाहिजे. दोन्ही गोष्टींना समिती पूर्ण अनुकूल आहे.

मग दुसरी मालिका निघाली: प्रवेश रोखे. तिच्यातून पहिल्या मालिकेचं व्याज वेळेवर दिलं गेलं. मग तिसरी निघाली: निर्धार रोखे. तिच्यातून पहिल्या दोन्ही मालिकांचं व्याज वेळेवर दिलं गेलं आणि शिवाय धक्क्यावर पहिल्या जहाजाच्या स्वागतासाठी लांबलचक वाशांचा एक कायमचा मांडव उभा राहिला. तिन्ही मालिकांचा हिशोब कक्षाच्या दारावर लावलेला असे. जहाजाची किंमत वगळून शंभरातले बासष्ट व्याजाला, एकवीस समितीला, नऊ मांडवाला, सात छपाईला. उरलेला एक गाळासाठी राखून ठेवला होता, पण गाळाकडून मागणी आली नाही.

आता या सगळ्यात रोखेसाहेबांचं घर कसं बुडालं ते सांगतो. बुडालं म्हणजे भरलं.

रोखेसाहेबांचे सासरे वजन-माप खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. लोक त्यांना मापारी म्हणत. सगळी हयात दुसऱ्यांची तराजू तपासण्यात गेल्यामुळे कुठलीही वस्तू न मोजता पुढे जाऊ देणं त्यांना जिवावर येई. बायको गेल्यापासून ते आपल्या चार खोल्यांच्या घरात एकटे राहत. पहिली मालिका निघाली त्या आठवड्यात ते मुलीकडे जेवायला आले आणि रोखेसाहेबांनी त्यांना तो सिद्धांत सांगितला. घर विका, सगळे रोखे घ्या. वर्षभरात जहाज टेकेल, मुद्दल हातात येईल, व्याज वरकड, नवं घर घ्या. मापाऱ्यांनी घास खाली ठेवला.

“आणि जहाज टेकेपर्यंत?” त्यांनी विचारलं.

“तोवर आमच्याकडे राहा ना, बाबा,” रोखेसाहेब म्हणाले.

वाढणाऱ्या बायकोच्या हातातला डाव हवेतच थांबला. रोखेसाहेबांनी तो पाहिला, पण विश्वासाच्या भरात असलेल्या माणसाला डाव काय सांगतो ते कळत नाही. त्या वाक्याला आता सहा वर्षं झाली होती.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. आतली, खिडकीची खोली बाबांना दिली गेली. बाहेरच्या खोलीत बायको आणि लेक. रोखेसाहेबांची घडीची खाट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. कोणाला न्हाणीघरात जायचं असेल तर रोखेसाहेबांनी उठायचं, खाटेची घडी घालायची, जाणाऱ्याला वाट द्यायची आणि परतणाऱ्याचीही वाट पाहायची. मापाऱ्यांना मधुमेह होता.

दिवसा त्यांचं जुनं खातं पुन्हा सुरू असे. येताना त्यांनी पितळी वजनांचा सगळा संच आणला होता. चहात जाणारी साखर ते तोलत. दुधवाल्याचं माप त्यांनी तीनदा पकडलं, तेव्हा दुधवाल्याने ती गल्लीच सोडली. दर रविवारी ते न्हाणीघरातला साबण बोटांनी मोजत आणि “दीड बोट, जावईबापू. चौघांत दीड बोट म्हणजे कोणीतरी हात ढिला सोडतंय,” असं दुःखाने सांगत. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं जगात असतात, असं आपण ऐकतो. यांनी खरोखर मोजले आणि एक कमी भरतो असा अहवाल दिला.

पण साबणाचं रोखेसाहेबांना काही नव्हतं. त्यांचं दुःख वेगळं होतं आणि ते कुठल्याच टेबलावर मांडता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या बायकोला नकला येत. म्हणजे अशा, की एखाद्याने ऐकलं तर घरात दुसरं माणूस आलंय असं वाटावं. पूर्वी रोज संध्याकाळी दोघं आतल्या खोलीच्या खिडकीशी चहा घेऊन बसत आणि ती सुरू होई. समोरची बाई मांजराला हाक मारतेय. मोठे साहेब हसण्याआधी घसा साफ करतायत. नवरा रोखे समजावतोय. ही शेवटची नक्कल रोखेसाहेबांना सगळ्यात आवडे आणि ती पाहताना चहा त्यांच्या नाकातून येई. आता खिडकी बाबांची झाली. भिंती पातळ होत्या. शिवाय तिच्या निम्म्या नकला बाबांच्याच होत्या, त्या तर मुळातच बंद पडल्या. उरलेल्या निम्म्याही हळूहळू थांबल्या. ती घरातच होती, दिवसातून दहा वेळा दिसत होती, भाजी काय आणू विचारत होती, आणि रोखेसाहेबांना तिची इतकी आठवण येई, की कधी कधी कचेरीत बसल्या बसल्या ते मनातल्या मनात तिची एखादी नक्कल करून पाहत.

म्हणून जहाज टेकायला हवं होतं. देशाच्या आयात-निर्यातीसाठी हवं असणारे लोक कागदोपत्री पुष्कळ होते. खिडकी परत मिळावी म्हणून हवं असणारा एकच होता. तो रोज सकाळी कक्षाच्या खिडकीतून क्षितिजावर ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या त्या जहाजाकडे पाही आणि मग पुढच्या मालिकेचे अर्ज वाटायला घेई.

ठिपक्यावर तिकडे बऱ्याच सुधारणा होत होत्या. जहाज रोख्यांच्या पैशाचं, पण खलाशांचा पगार मात्र खर्चाच्या कुठल्याच सदरात बसत नव्हता. तेव्हा खलाशांनी आपलं सदर आपणच शोधलं. आधी त्यांनी तेल विकलं. मग गाळ उपसायचे पाईप, मग बादल्यांची साखळी, मग यंत्र, मग यंत्राखालचं लोखंड. एकेक माणूस आपला वाटा घेऊन मासेमारीच्या होडीतून निघून गेला, शेवटी कप्तानही गेला. जहाज दर महिन्याला पाण्यातून थोडं थोडं वर येत चाललं. समुद्रात राहून प्रगती करणारं ते खात्याचं एकमेव वाहन. आता त्यावर फक्त स्वयंपाकी राहिला होता. त्याच्या नेमणुकीत लिहिलं होतं, की शेवटच्या माणसाचं जेवण झाल्यावर त्याची सुट्टी. आणि शेवटचा माणूस तोच असल्यामुळे व तो रोज जेवत असल्यामुळे सुट्टी काही होत नव्हती. पगार साठत होता, आणि पाण्यावर असेपर्यंत तो सागरी भत्त्यासह दुप्पट होता.

इकडे गावातही सुधारणा होत्याच. धंद्यात सहा सुटत आणि रोख्यात नऊ, हे एकदा कळल्यावर धंदा करणं म्हणजे अडाणीपणा ठरला. न्हाव्याने वस्तरे गुंडाळून ठेवले. शिंप्याने मशीन विकून रोखे घेतले. सुताराने तर दुकानाचं दारसुद्धा विकलं. बंदराच्या सुधारणेसाठी लोक इतके घरी बसले, की गावात केस कापून हवे असतील तर शेजारच्या गावी जावं लागे. तिमाहीचा पहिला दिवस मात्र बघण्यासारखा असे. सगळं गाव, केस वाढलेलं आणि बाह्या उसवलेल्या, कक्षापुढे रांगेत उभं राही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका कामाच्या दिवशी, कक्षात चहा येण्याच्या वेळेला, अमावास्येचं उधाण आलं. उधाण दर महिन्याला येई, पण या वेळी त्याच्या पाठीवर वारा होता. रोखेसाहेबांनी कप उचलला, सवयीने क्षितिजाकडे पाहिलं, आणि ठिपका जागेवर नव्हता.

तो जवळ होता. तो ठिपकाही राहिला नव्हता. नांगराची साखळी (सुटी साखळी विकली गेली होती, ही पाण्यात गंजत राहिली होती) तुटली होती आणि ते अजस्र, पोकळ, हलकं झालेलं जहाज गाळावरच्या फुगलेल्या पाण्यावरून आडवंच आत येत होतं, लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, कोणाकडे न बघता. बगळे उडाले. रोखेसाहेब कप हातात घेऊनच जिना उतरले. कपात चहा होता हे त्यांना धक्क्यावर पोचल्यावर कळलं, तोवर तो शर्टावर आला होता.

त्यांना त्या क्षणी देश दिसला नाही, बंदर दिसलं नाही. खिडकी दिसली. बाबा वजनांची पेटी घेऊन जिना उतरतायत, आपण दार लावतोय, आणि ती चहा घेऊन येतेय. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

मोठे साहेब आधीच तिथे होते आणि टोपी हलवत होते. एवढा आनंद त्यांना बदलीच्या हुकुमानंतर पहिल्यांदाच झाला होता. मग त्यांची टोपी हळूहळू खाली आली. स्वतः लिहिलेलं वाक्य माणसाला बहुधा उशिराच आठवतं, पण आठवतं तेव्हा शब्द न् शब्द आठवतो. सर्व रोखेधारकांना. एकरकमी. त्यांनी सूर्याकडे पाहिलं. खजिन्यात त्या दिवशी चालू तिमाहीचं निम्मं व्याज होतं आणि एक तुटक्या कडीची पेटी होती.

“अडवा,” मोठे साहेब म्हणाले.

कोणाला काही कळेना. जे यावं म्हणून सहा वर्षं घसा कोरडा केला ते अडवायचं कसं, हे खात्याच्या नियमांत नव्हतं. एव्हाना गावही धक्क्यावर लोटलं होतं. रोखेसाहेबांना वाटलं, आता लोकच साहेबांना गप्प करतील. हक्काचं मुद्दल दारात येऊन उभं राहतंय; लोक दोर धरतील, ओढून घेतील. आणि पहिल्या क्षणी गर्दीत तशी आनंदाची लाट उठलीही. मग ती विचारात पडली. लोकांच्या तोंडावर हळूहळू जी भीती पसरली ती रोखेसाहेबांनी वादळातही पाहिली नव्हती.

“मुद्दल घेऊन करायचं काय?” न्हावी शेवटी म्हणाला. “पुन्हा दुकान उघडायचं?”

हा प्रश्न अंगावर शहारे आणणारा होता. जगात दुसरीकडे कुठे नऊ मिळत नव्हते. शिंप्याने आपल्या हातांकडे पाहिलं. सुताराला दार आठवलं. पुढे काय झालं ते कोणाच्या हुकुमाने झालं नाही, हे कचेरीच्या बाजूने स्पष्ट केलं पाहिजे. लोक वळले, स्वागताच्या मांडवाकडे गेले आणि त्यांनी वासे उपसायला सुरुवात केली. इतकी वर्षं उभा असलेला मांडव चहाचा कप निवायच्या आत आडवा झाला. गावात इतक्या झपाट्याने झालेलं हे पहिलंच सार्वजनिक काम. शंभरेक माणसं धक्क्याच्या काठाला रांगेने उभी राहिली आणि वासे पुढे करून त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जहाजाला मागे रेटायला घेतलं. एक वासा रोखेसाहेबांच्याही हातात आला. तो कोणी दिला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जहाजाच्या काठावर स्वयंपाकी आला. इतकी माणसं पाहून तो आनंदाने हात हलवू लागला. दोर टाकतो, धरा, असं त्याने ओरडून सांगितलं.

“दोर टाकू नका,” मोठे साहेब ओरडले. “भत्ता बंद होईल.”

स्वयंपाकी थांबला. त्याने दोराकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं. बहुधा गुणाकार केला. मग तो आत गेला आणि मोठ्या पातेल्यात ढवळायचा लांब दांडा घेऊन परत आला. काठावरून वाकून, दांडा धक्क्याच्या दगडाला लावून तोही आपल्या बाजूने रेटू लागला.

जहाज एका वाशाच्या अंतरावर आलं आणि तिथे थबकलं. एकीकडून समुद्र, दुसरीकडून जनता. मधल्या फटीत हिरवट पाणी आणि कोणाचीतरी चप्पल. रोखेसाहेबांच्या वाशाचं टोक जहाजाच्या गंजलेल्या पत्र्यावर होतं आणि तो पत्रा त्यांच्या तळहातांत थरथरत होता. एवढंच अंतर. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे दात-ओठ खाऊन रेटत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. नोकरी जाणार, हे त्यांना दिसत होतं. खजिना बुडेल, मोठे साहेब बुडतील, सिद्धांतही बुडेल. बुडू दे. आयुष्यात पहिल्यांदाच रोखेसाहेबांनी सरकारी वस्तू जाणूनबुजून हातातून सोडली. वासा कलला, जहाज हातभर पुढे सरकलं.

मागून दोन हात आले आणि त्यांनी वासा धरला.

“द्या इकडे, जावईबापू,” मापारी म्हणाले. “तुम्हाला जोर लावायची सवय नाही.”

त्यांनी पाय रोवले, मधुमेह वगैरे विसरून वासा रेटला आणि हातभर गेलेलं अंतर परत मिळवलं. वर ते नजरेने मोजलंही.

“बाबा,” रोखेसाहेब हळूच म्हणाले, “टेकू द्या की. तुमचं घर परत येईल. चार खोल्या. कोणाची अडचण नाही.”

मापाऱ्यांनी जहाजावरची नजर काढली नाही. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी त्यांनी तो पुसला नाही.

“घर येईल हो,” ते म्हणाले. “पण एकट्या माणसाचा साबण तो झिजणार किती?”

सहा वर्षांत सासऱ्यांनी मोजून न सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्यांनी खाली वाकून दुसरा एक वासा उचलला आणि सासऱ्यांच्या शेजारी उभे राहिले. नेमकं काय रेटतोय हे त्यांनी मनाला विचारलं नाही.

ओहोटी लागली तसं जहाज गाळात बसलं, धक्क्यापासून बरोबर एक वासा दूर. गाळ सगळ्यात जास्त होता ती हीच जागा. जहाजावर यंत्र असतं तर त्याने लगेच काम सुरू केलं असतं, असं समितीने पुढे अभिमानाने नमूद केलं. गाळात बसलं तरी निश्चिंत राहून चालणार नव्हतं. मोठी भरती आली, की ते उचललं जाई आणि धक्क्याकडे निघे. तेव्हा प्रत्येक मोठ्या भरतीला वासे धरणं भाग झालं. त्यासाठी चौथी मालिका निघाली: अंतर रोखे. ती सगळ्यात वेगाने खपली, कारण ही पहिली मालिका अशी होती जिचं काम लोकांना डोळ्यांनी दिसत होतं आणि हातांनी करता येत होतं. दर रोख्यामागे एक वासा, दर वाशामागे एक माणूस, असा नियम झाला. व्याज नऊच. रोखेसाहेबांना बढती मिळाली आणि त्यांच्या दारावर ‘अधीक्षक, अंतर’ अशी पाटी लागली. स्वयंपाक्याला धक्क्यावरून टोपलीने भाजी पोचवली जाते आणि त्याची तब्येत सुधारली आहे.

पाळ्या लावायचं काम अधीक्षकांकडेच होतं. प्रामाणिक माणूस अधिकाराचा गैरवापर करत नाही, पण रोखेसाहेबांनी एकदाच केला. संध्याकाळच्या भरतीला, क्रेनच्या पलीकडे, जिथे दोनच वासे मावतात आणि शेजारची जोडी हाकेच्या अंतरावर नसते, तिथे त्यांनी आपलं आणि बायकोचं नाव लिहिलं.

पहिल्या संध्याकाळी दोघं वासे धरून उभी होती. लेक घरी होती, बाबा घरी होते, साबण सुरक्षित होता. जहाजाची सावली अंगावर पडली होती. एवढा एकांत मिळाल्यावर काय बोलायचं असतं ते दोघंही विसरली होती. मग तिने समोर पत्र्याकडेच बघत घसा साफ केला. हुबेहूब मोठे साहेब.

“दोर टाकू नका,” ती म्हणाली. “भत्ता बंद होईल.”

रोखेसाहेब हसले. सहा वर्षं साचलेलं हसू होतं ते; थांबेचना. पोट धरायला हात हवा म्हणून त्यांनी वाशावरचा हात काढला आणि जहाज सळसळत वीतभर आत आलं. ते भानावर आले. टेकलं तर? टेकलं तर ही संध्याकाळ नाही, ही पाळी नाही, ही जागा नाही. त्यांनी छातीशी वासा घेतला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ते जहाज मागे लोटलं. मग म्हणाले, “हं, आता तो न्हावी कर.”

तेव्हापासून ते अंतर कायम आहे.

इथवर वाचून तुम्ही गालातल्या गालात हसला असाल. काय ती माणसं, असंही म्हणाला असाल. ते ठीकच आहे. फक्त तुमचा विम्याचा हप्ता, तुमच्या पगारातून दरमहा कापला जाणारा निधी आणि मुलीच्या नावाने ठेवलेली ती ठेव, ही सगळी रक्कम नक्की कशात गुंतवली आहे, हे तुम्ही आजवर विचारलेलं नाही. व्याज वेळेवर येतं, मग कशाला विचारा. तुमच्या नावाचे एकूण तीन वासे होतात. गेली काही वर्षं ते तुमच्या वतीने दुसरेच लोक धरत आहेत आणि त्यांची तक्रार नाही. तरीही जहाज धक्क्याला टेकावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर अधीक्षकांना साध्या कागदावर तसं कळवा. तुमचे तीन वासे त्याच दिवशी काढून घेतले जातील. आजपर्यंत असं एकही पत्र आलेलं नाही.